डायलिसिसचा खर्च: आधी केंद्र बदला, निधीचे फॉर्म नंतर

प्रश्न थोडक्यात असा: जत तालुक्यातलं शेतकरी कुटुंब, रेशनकार्ड केशरी. वडील ५८ वर्षांचे, दोन्ही किडन्या निकामी. तीन महिन्यांपासून खाजगी रुग्णालयात आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे, दर वेळी १,५०० रुपये. घरातलं सोनं गहाण पडलं. मुख्यमंत्री निधीचा फॉर्म कुठे मिळतो आणि आणखी कुणाकुणाकडे अर्ज करता येतील?

फॉर्म कुठे मिळतो ते पुढे सांगतो, पण तो सगळ्यात शेवटी भरायचा. त्याआधी एक हिशेब मांडा. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६ डायलिसिस. १,५०० च्या दराने २ लाख ३४ हजार. यात हिमोग्लोबिनसाठीची एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं, आयर्न, दर महिन्याच्या तपासण्या आणि जाण्यायेण्याचा खर्च धरलेला नाही. शिवाय हा खर्च एका वर्षाचा नाही. प्रत्यारोपण झालं नाही तर जन्मभराचा आहे. कुठलाही मदत निधी एकरकमी असतो, म्हणजे २५ हजार, ५० हजार, फार तर लाख. तो दोन-चार महिने पुरतो आणि मग पुन्हा दाराशी उभं राहावं लागतं. म्हणून पैसे गोळा करण्याच्या आधी डायलिसिस अशा ठिकाणी हलवा, जिथे त्याचं बिलच होत नाही. एकरकमी मदत योजनेत न बसणाऱ्या गोष्टींसाठी राखून ठेवा. लोक नेमकं उलटं करतात. आधी निधी, मग ट्रस्ट, मग उसनवारी, आणि योजनेचं नाव वर्षभराने कुणीतरी सांगतं.

तुमच्यासाठीची योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ही राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ मध्ये नाव बदललं आणि १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस करणाऱ्याला ते वर्षभर पुरेलच असं नसे. १ जुलै २०२४ पासून हे संरक्षण ५ लाखांचं झालं आणि पिवळं, केशरी, पांढरं अशी सगळी रेशनकार्डं त्यात आली. त्यामुळे ‘आमचं कार्ड पांढरं आहे, आम्हाला काही मिळत नाही’ हे आता खरं नाही. डायलिसिस या योजनेत आहे, डायलिसिससाठी हातावर करतात ती फिस्टुलाची शस्त्रक्रियाही आहे. वडिलांऐवजी घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाला गरज असती, तर ऑक्टोबर २०२४ पासून मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड काढता आलं असतं. त्याला उत्पन्नाची अट नाही, आधारवरचं वय पुरतं.

रुग्णालय निवडताना एक चूक फार होते. दारावर योजनेचा फलक पाहून लोक आत शिरतात. पण रुग्णालय योजनेत असणं आणि त्याला डायलिसिससाठी मान्यता असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादं रुग्णालय फक्त हाडांच्या शस्त्रक्रियांसाठी योजनेत असतं. म्हणून १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या मोफत क्रमांकावर फोन करा आणि नेमकं विचारा: ‘सांगली जिल्ह्यात आणि शेजारच्या सोलापूर, कोल्हापूरमध्ये डायलिसिससाठी योजनेत कोणकोणती रुग्णालयं आहेत?’ शेजारचे जिल्हे मुद्दाम विचारा. योजनेला जिल्ह्याची हद्द नाही आणि जतहून काही गावांना सोलापूर किंवा विजापूरची वाट जवळची पडते. विजापूर मात्र कर्नाटकात आहे. तिथे महाराष्ट्राची योजना चालेल असं गृहीत धरू नका. आयुष्मान कार्ड असेल तर १४५५५ वर विचारून घ्या.

यादी हातात आली की प्रत्येक ठिकाणी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाला, भेटा. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात दर्शनी भागात त्याचं टेबल असतं. त्याला विचारायचे प्रश्न तीन. जागा आहे का, नसेल तर प्रतीक्षा यादीत कितवा नंबर लागेल, आणि इंजेक्शनं व तपासण्या योजनेतून मिळतात की बाहेरून आणाव्या लागतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर रुग्णालयागणिक बदलतं आणि महिन्याचा खरा फरक तिथेच पडतो.

जागेचं गणित समजून घेतलंत तर चिडचिड कमी होईल. एक डायलिसिस चार तासांचं. मध्ये मशीन धुवायचं, निर्जंतुक करायचं, पुढच्या माणसाला जोडायचं. म्हणजे एका मशीनवर दिवसाला तीन शिफ्ट. आठवड्याचे सहा दिवस धरले तर १८ जागा. तीनदा येणारे फक्त सहा रुग्ण एका मशीनवर मावतात. दोनदा येणारे नऊ मावतात. सरकारी केंद्रावर ‘आठवड्यातून दोनदाच मिळेल’ असं सांगतात त्यामागे बहुतेक वेळा हे गणित असतं, वैद्यकीय कारण नव्हे. अशा वेळी दोन जागा नाकारून घरी येऊ नका. दोन तिथे मोफत घ्या, तिसरं सध्याच्या ठिकाणी पैसे देऊन करा आणि यादीत नाव ठेवा. १९,५०० चा महिना साडेसहा हजारांवर येतो. कुणाचं प्रत्यारोपण झालं, कुणी गाव बदललं, कुणी गेलं की जागा रिकामी होते. आठवड्यातून एकदा फोन करून आठवण द्या. पहिली जागा बहुधा रात्रीच्या शिफ्टची मिळते. तीही घ्या, आत शिरल्यावर शिफ्ट बदलून मिळते.

योजनेतल्या खाजगी रुग्णालयांइतकंच महत्त्वाचं म्हणजे सरकारी केंद्रं. २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. त्यातून जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची केंद्रं उभी राहिली. अनेक ठिकाणी मशीन आणि तंत्रज्ञ खाजगी कंपनीचे, जागा सरकारी. दारिद्र्यरेषेखालच्यांना ही सेवा मोफत आहे. पुढे काही उपजिल्हा रुग्णालयांतही केंद्रं आली. तुम्ही सांगलीच्या सिव्हिलमध्ये आणि मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तर विचाराच, पण जवळच्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयातही विचारा. तालुक्याच्या ठिकाणी पाच मशीन आहेत हे शेजारच्या गल्लीत माहीत नसतं.

केंद्र बदलताना सोबत काय न्यायचं? सध्याच्या डॉक्टरांकडून एक पानाचं पत्र घ्या. त्यावर निदान, डायलिसिस कधीपासून चालू आहे, आठवड्यातून किती वेळा, ड्राय वेट म्हणजे पाणी काढल्यानंतरचं योग्य वजन, हेपॅरिनचा (रक्त गोठू नये म्हणून देतात त्या औषधाचा) डोस, डायलायझर म्हणजे रक्त गाळणारी नळी कुठली, आणि फिस्टुला आहे की मानेतला कॅथेटर, एवढं असलंच पाहिजे. सोबत हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही या तीन तपासण्यांचे ताजे रिपोर्ट. तीन महिन्यांपेक्षा जुने असले तर बरीच केंद्रं पुन्हा करायला सांगतात. ही अडवणूक नव्हे. हिपॅटायटिस असलेल्यांसाठी वेगळं मशीन ठेवावं लागतं आणि ते त्या केंद्रात नसेल तर खरोखरच जागा देता येत नाही. फोनवरच हे सांगून टाका, हेलपाटा वाचेल. मानेत तात्पुरता कॅथेटर असेल तर फिस्टुला लवकर करून घ्या. तो तयार व्हायला साधारण दीड ते दोन महिने लागतात आणि तोवर कॅथेटरला जंतुसंसर्ग झाला तर एका भरतीत सहा महिन्यांची बचत जाते.

आता कागदपत्रं. योजना नाकारली गेली असं ज्यांना वाटतं, त्यातल्या बऱ्याच जणांचं खरं भांडण कागदांशी असतं.

रेशनकार्डावर वडिलांचं नाव आहे का, हे आधी पाहा. गंमत अशी की म्हातारी माणसं मुलाच्या कार्डातून आणि मुलं बापाच्या कार्डातून निघालेली असतात आणि कुणाच्याच कार्डात नसतात. कार्ड विभक्त करताना हे होतं. नाव नसेल तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या (मुंबईत शिधावाटप कार्यालयात). कार्डाचा १२ अंकी ऑनलाइन क्रमांक लिहून घ्या. जुन्या पुस्तकावर तो छापलेला नसतो, रेशन दुकानदार त्याच्या मशीनवर पाहून सांगतो.

आधारवरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव जुळलं पाहिजे. एकीकडे ‘दत्तात्रय’ आणि दुसरीकडे ‘दत्तू’ असेल तर आरोग्यमित्र अडतो. त्याचाही इलाज नसतो, मंजुरी देणारा माणूस मुंबईत संगणकावर कागद पाहत असतो. आधारमध्ये दुरुस्ती करून घेणं सोपं की रेशनकार्डात, हे तुमच्या तहसीलवर अवलंबून आहे. दोन्हीकडे एकदम अर्ज टाकू नका. एक दुरुस्त होईतो दुसरं त्याच्या उलट दुरुस्त होतं.

शेतकरी-मजुरांचे बोटांचे ठसे झिजलेले असतात. मशीन ते घेत नाही आणि नोंदणी अडते. आधार केंद्रावर बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्या आणि आधारला चालू मोबाइल क्रमांक जोडा, म्हणजे ओटीपीने काम भागतं. तो क्रमांक घरातल्या कुणाचा तरी असू द्या. दुकानदाराचा किंवा एजंटाचा नको.

आयुष्मान कार्ड वेगळं काढून ठेवा. गावातल्या आपले सरकार सेवा केंद्रात किंवा आशाताईंच्या मदतीने निघतं. नुसतं रेशनकार्ड आणि आधार घेऊन गेलं तरी योजनेत नोंदणी होते, पण कार्ड हातात असलं की पुढच्या फेऱ्या वाचतात.

नोंदणी झाल्यावर रुग्णालय ऑनलाइन मंजुरी मागतं. मंजुरी ठरावीक सत्रांपुरती असते. ती संपली की पुन्हा मागावी लागते आणि इथे हमखास खंड पडतो. तंत्रज्ञ म्हणतो, ‘आज अप्रूव्हल आलं नाही, आजचे पैसे भरा.’ हे टाळायचं तर शेवटची दोन सत्रं उरली की आरोग्यमित्राला आठवण करा. वहीत तारखा लिहून ठेवा. कुटुंबाच्या ५ लाखांपैकी किती वापरले गेले, तेही तीन-चार महिन्यांनी त्याच्याकडून विचारून घ्या. हे ५ लाख वडिलांचे एकट्याचे नाहीत, साऱ्या कुटुंबाचे आहेत. त्याच वर्षी आईचं मोठं ऑपरेशन योजनेतून झालं तर तीही रक्कम त्यातूनच जाते.

योजनेतून मंजूर झालेल्या उपचारासाठी रुग्णालयाने पैसे मागायचे नाहीत. मागितले तर भांडू नका, पावती मागा. पावती मागितल्यावर बऱ्याचदा मागणीच मागे घेतली जाते. पावती दिली तर ती घेऊन १५५३८८ वर तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या, जिल्हा समन्वयकाला अर्ज द्या. पैसे परत मिळतात, पण पावतीशिवाय कुणीही काही करू शकत नाही. उपचार चालू असताना तक्रार केली तर जागा जाईल ही भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. म्हणून आधी आरोग्यमित्र, मग रुग्णालयाचा वैद्यकीय समन्वयक, मग हेल्पलाइन अशी पायरी ठेवा.

कुठल्याही कारणाने योजनेत जागा मिळालीच नाही, तर दुसरं दार धर्मादाय रुग्णालयांचं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क क आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना, या दोन्हींनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी ५० टक्के सवलतीत ठेवायच्या असतात. निर्धन म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. यासाठी रुग्णालय आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढतं. डायलिसिसबाबत अडचण अशी की ते खाटेवरचं उपचार मानायचं की बाह्यरुग्ण, यावर रुग्णालयं वाद घालतात. त्यामुळे ‘खाट द्या’ म्हणू नका. ‘निर्धन रुग्ण निधीतून डायलिसिसला सवलत द्या’ असा लेखी अर्ज समाजसेवा अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलं की उत्तर नेहमी ‘फंड संपला’ असतं. लेखी अर्ज आणि त्याची प्रत जिल्ह्याच्या धर्मादाय सहआयुक्त किंवा सहायक आयुक्त कार्यालयात गेली की तोच फंड थोडासा उरलेला सापडतो.

या सगळ्या अर्जांना तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो त्या आर्थिक वर्षाचा हवा. एप्रिल-मेमध्ये अर्ज करणारे गेल्या वर्षीचा दाखला जोडतात आणि अर्ज परत येतो. ३१ मार्च उलटला की नवा काढा. तलाठ्याचा दाखला चालत नाही, त्यावरून तहसीलदारांचा निघतो.

आता तुमचा मूळ प्रश्न, मुख्यमंत्री सहायता निधी. ज्यांना फुले योजनेतून आणि धर्मादाय रुग्णालयातून उपचार मिळू शकत नाहीत त्यांच्यासाठी हा निधी आहे. योजनेत बसणारा उपचार असेल तर आधी तिकडे जा असंच सांगतात. म्हणूनच म्हटलं की हा फॉर्म शेवटी. अर्जाचा नमुना निधीच्या संकेतस्थळावर मिळतो आणि २०२५ पासून जिल्हाधिकारी कार्यालयांतही या निधीचे कक्ष आहेत. मुंबईला खेटे घालायची गरज नाही. सोबत लागतं ते असं: उत्पन्नाचा दाखला (वार्षिक १ लाख ६० हजारांच्या आत), आधार, रेशनकार्ड, तपासण्यांचे रिपोर्ट, रुग्णाचा रुग्णालयातला जिओ टॅग असलेला फोटो, आणि खर्चाचं अंदाजपत्रक. रुग्णालय खाजगी असेल तर अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांची पडताळणी हवी. रुग्णालय निधीच्या यादीत असलं पाहिजे. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात, तुमच्या नाही. आणि आधी भरलेल्या बिलाची परतफेड मिळत नाही. गहाण पडलेलं सोनं यातून सुटणार नाही, हे स्पष्टच सांगितलेलं बरं.

अंदाजपत्रकावर बरेच अर्ज मार खातात. ‘डायलिसिस चालू आहे, अंदाजे खर्च ५ लाख’ एवढी एक ओळ लिहिलेला कागद कुणालाच पटत नाही. डॉक्टरांकडून असा मागा: ‘निदान: दीर्घकालीन मूत्रपिंड विकार, टप्पा ५. आठवड्यातून ३ वेळा हिमोडायलिसिस, प्रति सत्र रु. १,५००. सहा महिन्यांची ७८ सत्रे, रु. १,१७,०००. इंजेक्शने व तपासण्या स्वतंत्र रु. …’ खाली डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक, रुग्णालयाचा शिक्का, तारीख. हाच कागद ट्रस्टलाही चालतो, म्हणून मूळ प्रती चार-पाच घ्या. झेरॉक्सवरचा शिक्का काळा दिसतो आणि बाबू तो परत करतो.

एकरकमी मदतीची काही दारं लोकांना माहीतच नसतात. ग्रामीण भागात राहणाऱ्यांसाठी जिल्हा परिषदेचा स्वनिधी हे त्यातलं पहिलं. अनेक जिल्हा परिषदा दुर्धर आजारासाठी, म्हणजे कर्करोग, हृदयरोग, किडनी, त्यातून मदत देतात. बऱ्याच ठिकाणी ती १५ हजारांची असते. अर्ज प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यामार्फत जातो. तरतूद वर्षाला थोडीच असते, म्हणून आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच द्यावा. घरातलं कुणी बांधकाम कामगार म्हणून मंडळाकडे नोंदलेलं आणि नूतनीकरण चालू असलेलं असेल, तर गंभीर आजारासाठी त्या मंडळाची १ लाखापर्यंतची योजना आहे. नोंदणीचं नूतनीकरण चुकलं असेल तर ते आजच करा. पुणे महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्यांना शहरी गरीब योजना आहे. मुंबईत महापालिकेच्या केईएम, सायन, नायर रुग्णालयांत समाजसेवा विभाग आणि त्यांचा पुअर बॉक्स निधी असतो. सिद्धिविनायक मंदिर न्यास गरजूंना उपचारासाठी मदत करतो आणि डायलिसिस केंद्रही चालवतो. लालबागचा राजा मंडळाचंही अल्प दरातलं केंद्र आहे. टाटा ट्रस्ट व्यक्तिगत वैद्यकीय मदतीचे अर्ज घेतं, पण कागद बारकाईने तपासले जातात आणि वेळ लागतो. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी किडनी प्रत्यारोपणासाठी उपयोगी पडतो, दर आठवड्याच्या डायलिसिससाठी नाही. गोव्यातल्या वाचकांसाठी: तिथे दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, ती गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) विचारा.

ट्रस्टकडे अर्ज करताना एकाच रकमेसाठी दहा जणांकडे अर्ज पाठवून ते लपवू नका. ट्रस्टवाले एकमेकांना आणि रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला फोन करतात. ‘इतक्या रकमेची गरज, त्यातली इतकी इकडून मंजूर, उरलेली ही’ असं लिहिलेला अर्ज उलट लवकर मंजूर होतो.

वडील किंवा तुम्ही कारखान्यात पगारावर असाल आणि पगारातून ईएसआय (कामगार राज्य विम्याची वर्गणी) कापली जात असेल, तर वरचं बरंच काही बाजूला ठेवा. कामगार विमा रुग्णालयातून किंवा त्यांनी नेमलेल्या रुग्णालयातून डायलिसिस मोफत होतं. विमाधारक स्वतः आजारी असेल तर मूत्रपिंड निकामी होणं हा विस्तारित आजारपण लाभाच्या यादीतला आजार आहे, त्यात सरासरी रोजच्या वेतनाच्या ८० टक्के दराने भरपाई मिळते. त्यासाठी सेवेची आणि वर्गणीची अट आहे, ती शाखा कार्यालयात तपासा. नोकरी सोडायचा निर्णय याआधी घेऊ नका. आजारामुळे राजीनामा दिला की हा हक्क हातचा जातो. पगारदार मुलगा आयकर भरत असेल आणि जुन्या करप्रणालीत असेल, तर कलम ८० डीडीबीखाली ४० हजारांपर्यंत वजावट मिळते. वडील साठीपुढचे असते तर ती १ लाखापर्यंत मिळाली असती. त्याला नेफ्रॉलॉजिस्ट किंवा युरॉलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागतं.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी धावपळ करू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत किडनीचा आजार नाही. संजय गांधी निराधार योजनेत दुर्धर आजारामुळे कमावता न येणाऱ्यांना महिना १,५०० मिळू शकतात, पण उत्पन्नाची अट फार कडक आहे. केशरी कार्डवाल्या शेतकऱ्याचा अर्ज तिथे टिकणं कठीण.

प्रवास. जतसारख्या तालुक्यातून आठवड्यातून तीनदा मिरज म्हणजे हा खर्च डायलिसिसच्या बरोबरीला येतो. एसटीच्या सवलतींत डायलिसिसचे रुग्ण आहेत, त्यांचा प्रवास मोफत आहे. कुठल्या गाड्यांत आणि कुठला दाखला दाखवायचा, हे आगारप्रमुखाला विचारून घ्या, कंडक्टरशी वाद घालण्यात अर्थ नाही. रेल्वेत डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी जाणाऱ्या किडनीच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला सेकंड क्लास, स्लीपर, एसी थ्री टियरमध्ये ७५ टक्के सवलत आहे. रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला हवा आणि तिकीट खिडकीवरच काढावं लागतं. जत रोडहून मिरजेला जाणाऱ्या गाडीची वेळ शिफ्टशी जुळत असेल तर हा मार्ग वापरा.

औषधांत बचत करा, पण बाटली बघून. फॉस्फरससाठीच्या सेव्हेलामरसारख्या गोळ्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात खूप स्वस्त पडतात. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कंपनीचं नको. एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनचे दर दुकानागणिक वेगळे असतात, दोन-तीन ठिकाणी विचारा आणि थंड पिशवीतूनच न्या. रिक्षाच्या डिकीत दुपारभर राहिलेलं इंजेक्शन टोचून हिमोग्लोबिन वाढत नाही. मग रक्त चढवावं लागतं, आणि वारंवार रक्त घेतलं की पुढे जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं.

पैसे वाचवायला सत्र मात्र चुकवू नका. तीनाची दोन स्वतःच्या मनाने केली की पाणी साठतं, पोटॅशियम वाढतं. मग मध्यरात्री धाप लागून आयसीयूत भरती, तिथलं दोन दिवसांचं बिल दोन महिन्यांच्या डायलिसिसएवढं. खरोखर दोनच परवडत असतील तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. लघवी अजून किती होते, त्यावरून ते ठरवू शकतात. पाणी आणि पोटॅशियमचं पथ्यही त्याप्रमाणे बदलावं लागतं.

वडिलांचं वय ५८ आहे. हृदय ठीक असेल आणि घरात देणारा कुणी असेल, तर प्रत्यारोपणाचं आताच विचारून ठेवा. फुले योजनेत त्यासाठीची रक्कम अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली आहे. देणारा नसेल तर पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीच्या यादीत नाव नोंदणीकृत रुग्णालयामार्फत जातं. ‘दोन महिन्यांत किडनी मिळवून देतो, इतके लाख लागतील’ असं सांगणारा माणूस डायलिसिस केंद्राच्या बाहेर भेटतो. १९९४ च्या कायद्यानुसार अवयवाची खरेदी-विक्री गुन्हा आहे, देणाऱ्यावरही आणि घेणाऱ्यावरही. त्याचा धाकटा भाऊ म्हणजे ‘मंत्रालयातून निधी मंजूर करून देतो, दहा टक्के द्या’ म्हणणारा. वर सांगितलेल्या मदतीच्या एकाही सरकारी अर्जाला शुल्क नाही, सेतूतला दाखल्याचा आणि आधार दुरुस्तीचा किरकोळ खर्च सोडला तर. आधारचा ओटीपी त्याला सांगू नका, आणि मूळ कागद कधीही त्याच्या हाती ठेवू नका.